रिजेक्शनचा रकाना

शिरोलीत सोमवारी भट्टी थंड असते.
म्हणून सोमवारीच बसलो आम्ही तिघं
ऑफिसच्या पत्र्याखाली :
भूपाल चौगुले, मी,
आणि लॅपटॉप तिसरा धरून.

प्रश्न साधा होता.
एकतीस वर्षांची भागीदारी,
दस्तगीर मुल्लाणींचा अर्धा हिस्सा
विकत घ्यावा का,
घ्यावा तर कितीला.
बँकेचा एक आकडा, सीएचा दुसरा,
मेहुणे म्हणाले, मागतील त्याच्या निम्मं सांगा.

मी म्हटलं, एकटा आकडा खोटं बोलतो.
आपण दहा हजार वेळा घेऊन बघू.

"म्हंजे? त्योच हिस्सा दहा हजारदा?"

हो. दर वेळी स्क्रॅपचा भाव वेगळा पडेल,
विजेचं युनिट वेगळं,
ट्रॅक्टरवाल्यांची ऑर्डर कधी दुप्पट, कधी बंद,
हायवेवर पंचगंगेचं पाणी
शून्य दिवस, नाहीतर चार, नाहीतर नऊ.

"मग ह्यो जुगारच की गं."

जुगारच.
फक्त खिशातून काही न जाता
आधी हरून घ्यायचं.

ते हसले नाहीत. चहा सांगितला.

सगळे रकाने भरले, एक राहिला.
रिजेक्शन : शेकडा चार.
वर्षानुवर्षं चारच, जिल्ह्यात कुणाचं एवढं कमी नाही,
आणि ते चार कुठल्या मशीनमुळे नव्हते.
दस्तगीरचाचा हातोडीनं कास्टिंगवर टिचकी मारतात,
मान जराशी कलती करतात,
आणि आत केसाएवढी चीर असेल
तर पंप हाउसिंग मुकाट्यानं भंगारात जातं.
ते गेल्यावर हा चार किती होईल?
मला कुठल्याच वहीत सापडेना.

ते आलेच होते. सुट्टीलाही येतात,
लाकडी पॅटर्न पुसून, तेलाचा हात फिरवून जातात.
मी सरळ त्यांनाच विचारलं.
तीन आकडे द्या चाचा :
बरा, वाईट, आणि बहुतेक.

विकणाऱ्याला असं विचारायचं नसतं,
हे मला उशिरा सुचलं.

बोटांवरचं तेल त्यांनी चिंधीला पुसलं.
"बरा म्हणशील तर सहा.
बहुतेक नऊ.
वाईट महिन्यात चौदा धर."
मग थोडं थांबून, भूपालअण्णांकडं न बघता,
"श्रावणापासनं तीन लॉट परत आले नव्हं,
वाळूवर खापर फोडलं आपण.
वाळू चांगली होती.
मलाच ऐकू आलं न्हाई.
डावा कान गेलाय, उजवा जातोय.
म्हणून तर विकतोय."

मी रकाना भरला.
एंटर दाबलं.
पंखा घरघरला, पडद्यावरचा उंचवटा
डावीकडं सरकला,
भरलेलं ताट कुणी हळूच ओढून घ्यावं तसा.
सात हजार तीनशे वेळा कर्ज फिटत होतं,
आता पाच हजार एकशे अठरा.
आणि चाचांच्या हिश्शाची किंमत
त्यांच्यासमोर, त्यांच्याच तीन आकड्यांनी
त्रेचाळीस लाखांनी उतरली.
त्यांनी चष्मा लावून ती वाचली.
"बरोबर हाय," म्हणाले,
जसं मापात बसलेल्या नटबद्दल म्हणतात.

भूपालअण्णा बराच वेळ
चहावरची साय बोटानं बाजूला करत राहिले.
"पाच हजार एकशे अठरा."
हो.
"निम्म्यापेक्षा जास्त हाईत न्हवं?"
हो, पण अण्णा...
"आमी भट्टी लावली तवा एवढे कुठं हुते."
एवढंच बोलून ते बाहेर गेले,
गेटवर वॉचमनला उगाचच रागावले.
हा होकार होता, की नुसती आठवण,
की घासाघीस सुरू करायची कोल्हापुरी तऱ्हा,
मला अजून कळलेलं नाही.

मी फाइल सेव्ह केली. अंतिम, तीन.
लॅपटॉप मिटला, तो चांगलाच तापला होता.
दस्तगीरचाचा जवळ आले,
बोटाच्या पेरानं झाकणावर दोनदा वाजवलं,
उजवा कान खाली नेला.

"आवाज तर बरा हाय," म्हणाले,
"पण गरमला समदंच बरं वाजतं.
गार झाल्यावर
परत एकदा वाजवून बघ."